महागाई ०.२५ टक्के म्हणे, मग वाण्याचं बिल का उतरत नाही?

कांजूरची_सून

नमस्कार मंडळी, हा धागा कुठल्या सदरात टाकायचा कळेना म्हणून इथेच टाकतेय, अ‍ॅडमिनना वाटलं तर हलवा.

तर झालं असं की जेवताना टीव्हीवर बातमी लागली, ऑक्टोबर २०२५ ची किरकोळ महागाई ०.२५ टक्के, आत्तापर्यंतचा नीचांक वगैरे वगैरे, आणि सासरे आमटी ओरपता ओरपता माझ्याकडे बघून म्हणतात, मग आपलं वाणसामान एवढं कसं गं? जसं काय मधले पैसे मीच खातेय. आम्ही पाच माणसं, आम्ही दोघं, सासरे आणि दोन मुलं, त्यातला मोठा दहावीत म्हणजे त्याला दर दोन तासांनी भूक. २०२१ च्या आसपास महिन्याचा किराणा साडेपाच-सहा हजारात बसायचा, आता नऊच्या खाली येतच नाही, त्यात दूध, भाजी, मासे धरलेले नाहीत, ते वेगळं. घरात काही वेगळं शिजतंय असंही नाही हो, तीच डाळ, तोच भात, तेच पोहे.

सामान तीन ठिकाणाहून येतं. स्टेशनजवळचं मार्ट, नाक्यावरचा वाणी, आणि तिसरं म्हणजे दहा मिनिटांत आणून देणारं अ‍ॅप (हे डिपार्टमेंट नवऱ्याचं, रात्री साडेदहाला आठवतं की उद्या डब्याला काही नाही).

मला एवढंच विचारायचंय की बातमी खोटी की मी वेडी? आणि तुम्ही लोक नेमकं काय, कुठून, कधी घेता? 'हॉटेलात जाणं बंद करा' हा सल्ला प्लीज नको, आमचं हॉटेल म्हणजे स्टेशनबाहेरचा वडापाव.

हिशोबनीस

बातमी खरी आहे आणि तुम्हीही वेड्या नाही.

सासऱ्यांना सांगा की ०.२५ हा भाव नाही, भाव वाढायचा वेग आहे, आणि तोही आधीच्या ऑक्टोबरशी ताडून काढलेला. तो ऑक्टोबर आठवा जरा. २०२४ च्या ऑक्टोबरला खाद्यपदार्थांची महागाई १०.८७ टक्के होती, भाज्या तर ४२ टक्के वर, कांदा-बटाटा-टोमॅटो तिन्ही एकदम चढलेले. म्हणजे २०२३ ला शंभराला येणारी पिशवी तेव्हा जवळपास १११ ला गेली. ऑक्टोबर २०२५ ला खाद्यपदार्थ पाच टक्के उतरले म्हणतात ते त्या १११ वरून उतरले, करा गुणाकार, १०५ च्या आसपास येतं. शंभरावर परत कोणी आलेलंच नाही. आणि तुम्ही तर तुलना २०२१ शी करताय, मधे युक्रेनचं युद्ध झालं, २०२३ च्या जुलैचा टोमॅटो झाला, डाळी चढल्या, ते सगळं चक्रवाढीने तुमच्या बिलात मुरलंय.

पण खरी गोम वेगळीच आहे आणि ती तुमच्याच पोस्टमध्ये आहे. उतरलं काय, तर मुख्यतः भाज्या आणि डाळी. तेल-तुपाचा गट त्याच महिन्यात दोन आकडी टक्क्यांनी वर होता. आता तुम्ही भाजी किराण्यातून वेगळी काढलीय, म्हणजे जे सगळ्यात जास्त स्वस्त झालं तेच तुमच्या नऊ हजारांत नाही, आणि जे महागलं ते झाडून सगळं आहे. सरकारचा आकडा अख्ख्या देशाच्या सरासरी घराचा, त्यात घरभाडं, कपडे, प्रवास, औषधं सगळं येतं. कांजूरच्या पाच माणसांच्या डब्यांचा आकडा कोणी काढत नाही, तो तुम्हालाच काढावा लागणार.

फोडणी_खमंग

हिशोबनीस +१. तेलावर मी जरा सविस्तर लिहिते कारण बहुतेक घरांचा घोळ तिथेच होतो.

आपण देशाला लागणाऱ्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन अर्जेंटिना-ब्राझीलकडून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून. २०२४ च्या सप्टेंबरात, गणपती बसलेले असतानाच, १४ तारखेपासून सरकारने कच्च्या तेलाचं आयात शुल्क सगळं धरून ५.५ वरून २७.५ टक्के केलं, रिफाइंडचं ३५.७५. कारण सोयाबीनचे भाव हमीभावाच्या खाली गेलेले आणि शेतकरी ओरडत होते, आणि बरोबरच ओरडत होते, माझे मामा लातूरकडे सोयाबीन करतात, हमीभाव ४८९२ होता आणि त्यांच्या हातात त्याहून कमीच पडले. म्हणजे इकडे मी महाग तेल घेतलं आणि तिकडे मामांना काही मिळालं नाही, मधल्यामधे कुठे जिरलं देव जाणे. मग ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं शुल्क १६.५ वर आणलं. चढताना भाव एका रात्रीत चढले होते, उतरताना मात्र जुना स्टॉक आहे, जुना स्टॉक आहे असं महिनाभर ऐकलं.

आता मार्टातली गंमत. १ लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. पूर्वी डोळे झाकून पाकीट उचललं तरी ते एक लिटरचंच असायचं. आता रॅकवर नीट बघा, ९१० ग्रॅमच्या शेजारी ८५० चं उभं असतं आणि त्याच्या खाली ८०० चं, उंची तीच, रंग तोच, सूर्यफूलही तेच. समजा ९१० वालं १६० ला आहे आणि ८०० वालं १४५ ला, तर हात आपोआप १४५ वर जातो. भागाकार केला तर पहिलं शंभर ग्रॅमला साडेसतरा रुपये आणि दुसरं अठराच्या वर! एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात युनिट सेल प्राइस छापलेली असते, ग्रॅमला किंवा मिलीला किती रुपये पडले ती. चष्मा लावून तेवढीच वाचायची, पाकिटावरचं बाकी सगळं साहित्य आहे. (फक्त ती एमआरपीवर काढलेली असते, मार्टने डिस्काउंट दिला असेल तर भागाकार आपला आपण.)

आणि डबा घेत असाल तर १५ किलोचा की १५ लिटरचा हे आधी विचारा. १५ लिटर म्हणजे साडेतेरा-पावणेचौदा किलोच. दुकानदार नुसतं 'पंधराचा डबा' म्हणतो आणि आपणही मान डोलावतो.

लालबागची_मावशी

सूनबाई, तुझं वय माहीत नाही म्हणून एकेरी लिहिते, राग मानू नकोस.

आमच्याकडे अजून बेगमी होते. खोली दहा बाय बाराचीच आहे पण पोटमाळा आहे ना, त्याच्यावर निभतं. मुंबईत राहून वस्तूचा सीझन विसरलं की वाण्याच्या तावडीत सापडलंच समज. मिरची मे महिन्याच्या आधी घ्यायची, आमच्या इथे मिरची गल्लीत बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी निवडून, दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवून डंकीवर नेऊन द्यायची आणि समोर उभं राहून कुटून घ्यायची. तुम्ही ती पन्नास-शंभर ग्रॅमची मसाल्याची पाकिटं घेता ना, त्याचा किलोचा भाव काढून बघ एकदा, डोळे पांढरे होतील.

कांदा एप्रिल-मेचा घ्यायचा, उन्हाळी, तो टिकतो. दिवाळीच्या पुढे येणारा लाल कांदा साठवू नकोस, कोंब येतात नाहीतर पाणी सुटतं. नाशिककडे तोच उन्हाळी कांदा कांदाचाळीत, म्हणजे वारा खेळेल अशा कोठारात, भरून ठेवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तो संपत आला की भाव भडकतात, दर वर्षीचं आहे हे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा मिळाल्या तर खिळ्याला टांगून ठेवायच्या, वारा लागला पाहिजे. तूरडाळ नव्या तुरीची घे, जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघते त्यानंतर. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा ताजी मासळी हातात धरवत नाही, म्हणून मेच्या शेवटी जवळा, बोंबील भरून ठेवायचे. सोडे नको, सोडे आता सोन्याच्या भावात.

नारळाने मात्र २०२५ ला रडवलं. आमचं मालवणी घर, वाटण म्हणजे नारळ. आता मी अर्धा नारळ आणि मूठभर भाजलेलं डाळं एकत्र वाटते, दाटपणा येतो, कोणाला कळत नाही (नवऱ्याला कळलं पण तो बोलला नाही). उसळीला मात्र नारळाची जागा दुसऱ्या कशाला देत नाही.

भाजीला दादरला पुलाखाली सकाळी सहाच्या आत जा, कोथिंबिरीची जुडी आणि तुझ्या दारावरची जुडी यात किती फरक आहे ते बघ.

अर्धा_कटिंग

मावशींची यादी वाचूनच दमलो. भारी आहे, खरंच, पण हे सगळं करणार कोण? सहाच्या आत दादर, मग घरी येऊन डबे, मग आठ-चौदाची लोकल, मग ऑफिस, आणि रविवारी गच्चीवर मिरच्या राखत बसायचं. प्रत्येक महागाईच्या धाग्यावर हेच बघतो मी, पैसे वाचवायचे म्हणजे घरातल्या बाईने अजून दोन तास राबायचं, आणि त्या दोन तासांचा भाव कुठल्या बिलात येत नाही म्हणून ते फुकट. सासऱ्यांना द्या की दादरची ड्यूटी, सकाळी फिरायला जातच असतील.

ताई, माझं एकच काम करा. नवऱ्याच्या अ‍ॅपमधली गेल्या महिन्याची ऑर्डर हिस्टरी उघडा आणि बेरीज मारा. नुसत्या सामानाची नाही, हँडलिंग, डिलिव्हरी, रात्रीचा सरचार्ज, सगळं धरून. ब्रेड आणि दूध सांगायचं, मग फ्री डिलिव्हरीला साठ रुपये कमी पडतायत म्हणून वेफर्स आणि एक चॉकलेट. अ‍ॅपवाल्यांचा धंदाच तो आहे, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण वाण्याचं बिल तुमच्या डोळ्यासमोर कागदावर असतं आणि हे बिल कुणाच्याच डोळ्यासमोर नसतं.

लालबागची_मावशी

अर्धा कटिंग, मुद्दा बरोबर आहे रे बाळा. आमच्याकडे मिरच्या नवराच राखतो, कबुतरांशी भांडत.

मुलुंडचा_वाणी

इतका वेळ सगळे वाण्याच्या नावाने बोटं मोडतायत म्हणून आलो. आमचं दुकान वडिलांपासूनचं, कुठलं ते सांगत नाही, उधारीवाले इथेही असतील.

खरं सांगतो, साखर, ब्रँडेड तेल, साबण, चहापत्ती यात आम्ही मार्टशी टक्कर देऊ शकत नाही. ते कंपनीकडून ट्रकच्या हिशोबाने उचलतात, आमचा जो खरेदीचा भाव असतो त्याच्या आसपास ते विकतात. ते तिकडूनच घ्या, वाईट वाटणार नाही. आमच्याकडे यायचं ते सुट्यासाठी. डाळ, तांदूळ, रवा, पोहे, कडधान्य सुटं घेतलं तर त्याच्यावर जीएसटी नाही. तोच माल छापील पाकिटात २५ किलोपर्यंत आला की ५ टक्के, जुलै २०२२ पासून आहे हे. वर पाकिटाचा खर्च आणि ब्रँडचं नाव. शिवाय सुटं हातात घेऊन बघता येतं, डाळ पॉलिशची आहे का, तांदूळ जुना आहे का, पोह्यात भुसा किती. फटका म्हणजे वरच्या प्रतीची तूरडाळच पाहिजे असं काही नाही, रोजच्या आमटीला त्याच्या खालची घ्या, शिजल्यावर फरक करून दाखवणाऱ्याला मी एक किलो फुकट देतो. इडली-डोशाला अख्खा कोलम कशाला भिजवायचा, कणी घ्या.

आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही. किराण्याच्या बिलात खायचं नसलेलं बरंच असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसाचं तेल १८ वरून ५ टक्क्यावर आलं. तूप, लोणी, चीज १२ चं ५, पाकिटातलं पनीर तर शून्य. बिस्किटं आणि फरसाणही ५ वर. पण कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण १८ वरच आहे. आता गिऱ्हाईक मला विचारतं, स्वस्त झालं ते दिसत का नाही? तर पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांची किंमत पाच आणि दहाच राहिली, कंपन्यांनी त्यात वजन वाढवून दिलं. चार ग्रॅम बिस्किट जास्त आलं ते पोराच्या पोटात गेलं, पाकिटात पैसे कसे दिसणार? मोठा पॅक घेतलात तर एमआरपीत फरक दिसेल.

जाता जाता, नव्या वर्षात भाव उतरेल म्हणून थांबू नका. तेवढं डाळीपुरतं मावशी म्हणतात ते खरं.

जुना_गिरगावकर

मुलुंडकर, दुकानदार इतकं खरं बोललेलं मी पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं!

सगळे काटकसरीवर बोलतायत म्हणून म्हातारपणाचा हक्क म्हणून एक वेगळं लिहितो. १९७२ चा दुष्काळ मी कॉलेजात असताना पाहिला. रेशनवर अमेरिकेचा मिलो मिळायचा, त्या लाल ज्वारीच्या भाकऱ्या घशाखाली उतरत नसत, आणि तेला-डालड्यासाठी रांगा. तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या मंडळींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली आणि हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. माझी आई, जी कधी एकटी चर्नी रोडच्या पलीकडे गेली नव्हती, ती त्यात गेली. थाळ्या वाजवायचे लोक गॅलरीत उभे राहून. तेव्हाचे मंत्री दचकायचे हो त्या आवाजाला. आता आपण सगळे आपापल्या स्वयंपाकघरात एकेकटे युनिट प्राइस वाचत बसलोय, वाचा, वाचायलाच हवी, पण भाव हा काय एकट्या सूनबाईचा प्रश्न आहे का?

रस्त्यावर यायला सांगत नाही, पण एकत्र घेणं तरी जमेल. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ला बिंदुमाधव जोशींनी सुरू केली, त्यांची वाटपाची पद्धत साधी आहे. एका परिसरातली काही घरं मिळून संघ करायचा, महिन्याची यादी आधी भरून द्यायची, सगळ्यांचा माल एकत्र येतो आणि आळीपाळीने कोणाच्या तरी घरी किंवा जिन्याखाली वाटून घ्यायचा. जाहिरात नाही, दुकान नाही, म्हणून मधला खर्च नाही. आमच्या चाळीत हे वर्षानुवर्षं चाललं, पुढे चाळ टॉवरला गेली आणि लोक पांगले. तुमच्याकडे जवळपास संघ आहे का ते विचारून बघा.

कांजूरची_सून

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्स.

हिशोबनीसांचा १११-१०५ चा हिशोब सासऱ्यांना पाटीवर लिहून दाखवावा तसा कागदावर लिहून दाखवला, ते रिटायर्ड बँकवाले, दोनदा पडताळून बघितला आणि म्हणाले 'हं'. आमच्याकडे 'हं' म्हणजे मान्य.

अर्धा कटिंग, ऑर्डर हिस्टरी काढली. आकडा इथे लिहीत नाही, नवरा पण हा धागा वाचतोय. एवढंच सांगते की तो माझ्या नऊ हजारांत धरलेलाच नव्हता. आता अ‍ॅप राहील, मुलाच्या परीक्षेत मला तेवढं तरी सोपं पाहिजे, पण उद्याच्या डब्याला काय हे रात्री आठच्या आत ठरवायचं आणि फ्री डिलिव्हरीसाठी काही वाढवायचं नाही असं ठरलंय. बघू किती दिवस टिकतं.

मावशी, राग कसला, एकेरीच बोला. बेगमी मला झेपणार नाही हो, पोटमाळा नाही आणि कपाटं मुलांच्या पुस्तकांनी भरलीत. पण तूरडाळ फेब्रुवारीत चार-पाच महिन्यांची घेईन आणि मसाला या मेमध्ये तुमच्या गल्लीत येऊन. दादरचं सासऱ्यांना विचारलं, ते म्हणाले गुडघा. मग विषय संपला.

वाणीदादा, कणीची आयडिया जाम आवडली, आमच्या नाक्यावरच्याकडे विचारते.

ग्राहक पंचायतीच्या संघाचं आमच्या विंगमधल्या एका काकूंना माहीत आहे म्हणे, त्या चौकशी करून सांगणार आहेत. तोपर्यंत आमच्या मजल्यावरच्या तिघी मिळून शेंगदाणा तेलाचा १५ किलोचा (लिटरचा नाही!) डबा आणायचा विचार करतोय. तो वाटायचा कसा पण? मापाने की वजनाने? आणि कशात भरून ठेवायचं? कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या चालतील का?

फोडणी_खमंग

वजनाने. किलोचा डबा घेतलाय तर किलोनेच वाटा, नाहीतर तिसरीच्या वाट्याला गाळ आणि तोंडं वाकडी. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा असेल तर रिकामं भांडं ठेवून शून्य करायचं आणि ओतायचं.

कोल्ड्रिंकच्या बाटल्या नकोत. त्या परत परत वापरायच्या नसतात आणि पारदर्शक असतात, उजेडात तेलाला खवट वास लवकर लागतो. स्टीलच्या झाकणाच्या बरण्या घ्या, धुऊन उन्हात कडकडीत वाळवून, आत पाण्याचा थेंब राहता कामा नये, आणि गॅसच्या शेजारी ठेवू नका. प्रत्येकीला पाच किलो येईल, ते दोन-अडीच महिन्यांत संपेल एवढंच. डबा फोडायच्या आधी त्याच्यावरची पॅकिंगची तारीख आणि नेट वेट दुकानातच वाचा, घरी आणल्यावर परत घेत नाहीत.

आणि रिकामा पत्र्याचा डबा टाकू नका, मावशी मागतील, मिरच्यांना लागतो त्यांना.

लालबागची_मावशी

लागतो. झाकण नीट कापून आणा.